घरातलं ट्रॅप डोअर : निवडायचं कसं, बसवायचं कसं?



आपल्या जुन्या घरांमध्ये पाण्याचे पाईप भिंतीवरून उघडे जायचे. दिसायला बरे नसायचे, पण गळती झाली की कुठे झाली ते लगेच कळायचं. आता फ्लॅटमध्ये सगळं लपवलेलं असतं. पाईप भिंतीत, वायर फॉल्स सीलिंगच्या वर, गिझरचे जॉइंट सीलिंगमागे. दिसायला छान दिसतं. पण एखादा कॉक गळायला लागला की प्लंबर पहिला प्रश्न विचारतो, "इथे उघडायला जागा ठेवलीय का?" जागा नसेल तर सीलिंग किंवा टाइल फोडावी लागते. दहा मिनिटांच्या दुरुस्तीसाठी दोन दिवसांचं फोडकाम आणि वर पुन्हा प्लॅस्टर, पुट्टी, रंग. यातला दुरुस्तीचा खर्च थोडा असतो, पोहोचण्याचा खर्च जास्त असतो.

पैशाचा प्रश्न तर आहेच, पण सुरक्षिततेचाही आहे. पाईप रात्री फुटला आणि बंद करायचा व्हॉल्व्ह सीलिंगच्या वर अडकलेला असला, तर पाणी वायरिंगपर्यंत जायला वेळ लागत नाही. आणि याच्या उलटही धोका आहे. उघडायला जागा आहे, पण तिला नीट कडी नाही, अशा घरात किंवा शाळेत लहान मूल तिथे हात घालू शकतं. म्हणून ही छोटीशी झडप नीट निवडणं आणि नीट बसवणं महत्त्वाचं आहे. हे काम नवशिक्या माणसाला जमण्यासारखं आहे, मात्र त्याच्या मर्यादा आधी समजून घ्यायला हव्यात.

आधी नावं समजून घेऊ

कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये हिला अ‍ॅक्सेस पॅनेल किंवा इन्स्पेक्शन पॅनेल म्हणतात. पण हार्डवेअरच्या दुकानात आणि सीलिंगवाल्या मिस्त्रीकडे चालणारा शब्द म्हणजे ट्रॅप डोअर. भिंतीतल्या किंवा डक्टच्या तोंडावरच्या दाराला डक्ट डोअर किंवा शाफ्ट डोअर म्हणतात. दुकानात नुसतं "ट्रॅप द्या" म्हटलंत तर दुकानदार तुमच्या हातात नहाणी ट्रॅप ठेवेल. म्हणून "सीलिंगचं ट्रॅप डोअर" असं पूर्ण सांगा.

याचे मुख्य भाग तीनच. एक, चौकट, जी सीलिंगला किंवा भिंतीला पक्की बसते. दोन, पल्ला, जो उघडतो. तीन, पल्ला धरून ठेवणारी वस्तू. ती कडी असेल, दाबलं की उघडणारा लॅच असेल, चुंबक असेल किंवा किल्लीचं कुलूप असेल. खिडकीची चौकट आणि पल्ला आपल्याला माहीत असतो, तसंच हे.

पॅनेल कुठे लागतं आणि कुठे लागत नाही?

पैसे खर्च करण्याआधी घरात एक फेरी मारा आणि कागदावर यादी करा. साधारण या जागी पॅनेल उपयोगी पडतं :

१. बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर, जिथे गिझर, त्याचे कॉक किंवा वरच्या मजल्याचे ड्रेनेजचे पाईप आहेत.
२. एसीच्या इनडोअर युनिटचा पाण्याचा पाईप सीलिंगवरून जातो तिथे. विशेषतः जिथे दोन पाईप जोडलेत ती जागा.
३. पाईप झाकायला केलेल्या प्लायच्या बॉक्समध्ये, कॉक किंवा साफसफाईचं झाकण असेल त्या उंचीवर.
४. सीलिंगवर ठेवलेल्या वायरच्या जंक्शन बॉक्सखाली.

आता कुठे लागत नाही तेही बघा. ऑफिसात किंवा शाळेच्या संगणक कक्षात दोन फूट बाय दोन फुटांच्या चौकोनी टाइल्सचं ग्रिड सीलिंग असतं. त्यातली कुठलीही टाइल वर उचलता येते, वेगळं ट्रॅप डोअर कशाला? तसंच भिंतीतला कन्सील्ड फ्लश टँक. त्याची पुढची बटणाची प्लेट काढली की आतले भाग हाताशी येतात, कारण दुरुस्तीची जागा तीच ठेवलेली असते. शॉवरच्या डायव्हर्टरचं कामही बहुतेक वेळा त्याच्या प्लेटमागूनच होतं. या दोन्ही ठिकाणी "भिंत फोडावी लागेल" असं कुणी म्हटलं, तर आधी प्लेट काढून बघायला सांगा.

या ठिकाणी स्वतः हात घालू नका

- आरसीसीचा बीम, कॉलम, स्लॅब आणि इमारतीचं वजन घेणाऱ्या भिंती. यात भोक पाडणं हा प्रश्न फक्त तुमच्या घराचा राहत नाही.
- जिन्यातल्या किंवा लॉबीतल्या शाफ्टची दारं. ती आगीचा आणि धुराचा मार्ग अडवण्यासाठी असतात. तिथे साधा प्लाय लावायचा नाही. ते काम सोसायटीचं.
- मीटरची आणि मेन स्विचची जागा.
- गॅसचा पाईप. तो झाकायचाही नाही आणि त्याच्याजवळ कापाकापीही करायची नाही. गॅस कंपनीच्या माणसालाच बोलवा.
- जुन्या घरातले, जुन्या वर्गखोल्यांमधले सिमेंटचे पत्रे. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. अशा पत्र्याला करवत लावू नका, भोकही पाडू नका.
- उघडा खोल डक्ट. काही इमारतींत बाथरूमच्या खिडकीपलीकडे तळमजल्यापर्यंत सरळ पोकळी असते. तिथलं दार म्हणजे पडण्याची जागा. तिथे कुलूप हवंच, आणि काम सोसायटीला सांगून अनुभवी माणसाकडून करून घ्या.

मग नवशिक्याने करायचं काय? दोन कामं. पाईपच्या प्लाय बॉक्सवरचं झाकण, आणि जिप्सम बोर्डच्या सीलिंगमधलं लहान ट्रॅप डोअर.

माप कसं ठरवायचं?

बाजारात तयार ट्रॅप डोअर साधारण तीन मापांत मिळतात : ३०० बाय ३०० मिमी, ४५० बाय ४५० मिमी आणि ६०० बाय ६०० मिमी. म्हणजे अंदाजे १ फूट, दीड फूट आणि २ फूट. एक फूट म्हणजे नेमके ३०४.८ मिमी, म्हणून "१ फुटाचं" ट्रॅप डोअर प्रत्यक्षात फुटापेक्षा किंचित कमी भरतं. सुतार आणि सीलिंगवाले इंच आणि सुतात बोलतात, पाकिटावर मिमी छापलेले असतात. एका इंचात ८ सूत, म्हणजे एक सूत जवळजवळ ३ मिमी. दोघांशी बोलताना हे रूपांतर डोक्यात असू द्या.

आता यातलं कुठलं घ्यायचं? स्वतःला विचारा, आत काय जायला हवं?

- फक्त हात घालून कॉक बंद करायचा असेल तर ३०० मिमी पुरे.
- पाना फिरवून जॉइंट सोडवायचा असेल, डोकं आणि खांदा आत घालून बघायचं असेल, तर ४५० मिमी लागतं. १२ इंची पाना १२ इंचांच्या भोकात फिरत नाही, हे लक्षात ठेवा.
- मोठं यंत्र, पंखा किंवा टाकी बाहेर काढायची असेल तर ६०० मिमी किंवा त्याहून मोठं.

इथे एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. जिप्समचं सीलिंग पत्र्याच्या सेक्शनवर टांगलेलं असतं. हे सेक्शन बहुतेक ठिकाणी एकमेकांपासून दीड फुटावर, म्हणजे १८ इंचांवर असतात. प्रत्येक सेक्शन सुमारे ३ इंच रुंद. म्हणजे दोन सेक्शनच्या मध्ये मोकळी जागा उरते अंदाजे १५ इंच. १२ इंचांचं ट्रॅप डोअर या जागेत आरामात बसतं. १८ इंचांचं बसत नाही. त्यासाठी सेक्शन कापावा लागतो, आणि कापलेल्या सेक्शनला आडवा आधार देऊन वरून पुन्हा टांगावं लागतं. तसं केलं नाही तर काही महिन्यांत सीलिंग तिथे झोल खातं आणि जोडावर तडा दिसायला लागतो.

म्हणून नवशिक्यासाठी सोपा नियम : तयार झालेल्या सीलिंगमध्ये ३०० मिमीचं ट्रॅप डोअर स्वतः बसवा. ४५० किंवा ६०० मिमीचं हवं असेल तर सीलिंगवाल्या मिस्त्रीला बोलवा. आणि घरात सीलिंगचं काम व्हायचंच असेल तर सुरुवातीलाच सांगून ठेवा, "इथे दीड फुटाचं ट्रॅप डोअर हवं आहे." त्या वेळी ते करणं अगदी सोपं असतं. मधला मार्गही आहे. ३०० बाय ४५० असं लांबट पॅनेल बनवून घेऊन त्याची लांब बाजू सेक्शनला समांतर ठेवली, तर सेक्शन न कापता जास्त जागा मिळते.

मापाबद्दल शेवटचं. पाकिटावर लिहिलेलं माप पल्ल्याचं आहे, चौकटीच्या बाहेरच्या कडेचं आहे की कापायच्या भोकाचं आहे, हे विकत घेतानाच विचारा. शक्यतो वस्तू हातात आल्यावर स्वतः मोजा आणि मगच सीलिंगवर रेघ मारा.

कशाचं बनलेलं घ्यावं?

जागा कोरडी की ओली, यावर सगळं ठरतं.

*हॉल, बेडरूम, वर्गखोली :* पावडर कोटिंग केलेला पत्रा किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि आत जिप्समचा पल्ला. वरून सीलिंगचाच रंग मारता येतो, त्यामुळे उठून दिसत नाही.

*बाथरूम, स्वयंपाकघर :* अ‍ॅल्युमिनियम, पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी. एमडीएफ घेऊ नका. वाफेने ते फुगतं आणि पल्ला चौकटीत अडकतो, म्हणजे नेमकं हवं तेव्हा उघडत नाही. प्लाय वापरायचा असेल तर त्यावर आयएस ७१० हा क्रमांक बघा. तो मरीन प्लायचा आहे. जिप्सम बोर्ड घ्यायचा तर हिरव्या रंगाचा, ओल सहन करणारा.

*कोकणात किंवा समुद्राजवळ :* खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू आणि बिजागऱ्या लवकर गंजतात. स्टेनलेस स्टीलचे घ्या. फरक थोड्या रुपयांचा असतो.

चौकटीतही दोन प्रकार आहेत. एकात चौकटीला बाहेर पट्टीसारखी कड असते. ती भोकाची कडा झाकते, त्यामुळे कापताना थोडं वेडंवाकडं झालं तरी चालतं. दुसऱ्यात कड नसते. चौकट सीलिंगच्या पातळीत बसते, जोडावर टेप आणि कंपाउंड लावून रंग दिला की जवळजवळ दिसतच नाही. दुसरा प्रकार सुंदर दिसतो, पण त्यासाठी हात बसलेला लागतो. पहिल्यांदा करताय तर कड असलेलीच चौकट घ्या.

लॅच की कुलूप? इथे मुलांचा विचार आधी

डोक्यावरच्या सीलिंगमध्ये दाबून उघडणारा लॅच चालतो, कारण तिथे मुलांचा हात पोहोचत नाही. पण पल्ला अचानक खाली आपटू नये म्हणून त्याला साखळी किंवा सुरक्षा हूक हवाच. का, ते गणिताने बघू. साडेबारा मिमी जाडीच्या जिप्सम बोर्डचं वजन दर चौरस मीटरला सुमारे ८ ते ९ किलो असतं. ३०० मिमीच्या पल्ल्याचं क्षेत्रफळ ०.०९ चौरस मीटर, म्हणजे वजन पाऊण किलोच्या आसपास. ६०० मिमीच्या पल्ल्याचं क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३ किलो. बाजू दुप्पट झाली, पण वजन चौपट झालं! तीन किलोची वस्तू डोक्यावर पडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

भिंतीतलं पॅनेल मुलांच्या हाताच्या उंचीवर असेल तर चुंबक किंवा दाबायचा लॅच नको. मुलांना तो खेळ वाटतो. तिथे स्क्रूने बसणारं झाकण किंवा किल्लीचं कुलूप हवं. किल्ली कुठे ठेवली आहे हे घरातल्या सगळ्या मोठ्यांना माहीत असू द्या. शाळेत असेल तर मुख्याध्यापक आणि शिपाई दोघांनाही. किल्ली सापडत नसेल तर ते पॅनेल असून नसल्यासारखंच.

काम पहिलं : प्लाय बॉक्सवरचं झाकण

हात बसण्यासाठी हे उत्तम काम आहे. पाईपवर प्लायचा बॉक्स असेल आणि आत कॉक कुठे आहे हे नक्की माहीत असेल, तर तेवढ्या भागात चौकोनी भोक करा. चार कोपऱ्यांना ड्रिलने भोकं पाडायची आणि मग करवतीने रेघेवरून कापायचं. ड्रिलचं टोक प्लायच्या जाडीपेक्षा फार आत जाऊ देऊ नका, मागे पाईप आहे. टोकाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळून खूण केली की अंदाज राहतो.

झाकणाचा प्लाय भोकापेक्षा प्रत्येक बाजूने एक इंच मोठा घ्या. भोक १० बाय १२ इंचांचं असेल तर झाकण १२ बाय १४ इंचांचं. (इथेच बरेच जण चुकतात. प्रत्येक बाजूने एक इंच म्हणजे एकूण दोन इंच.) झाकणाच्या सगळ्या कडांना रंग किंवा व्हार्निश लावा, कारण प्लायमध्ये पाणी कडेतून शिरतं. मग चार कोपऱ्यांना आरशाला लावतात तसे टोपीवाले मिरर स्क्रू लावा. स्क्रू झाकला जातो, मुलांना उघडता येत नाही आणि मोठ्यांना स्क्रू ड्रायव्हरने दोन मिनिटांत उघडता येतं.

काम दुसरं : जिप्सम सीलिंगमध्ये ३०० मिमीचं ट्रॅप डोअर

आधी सीलिंग जिप्समचंच आहे ना, ते बघा. एखाद्या लाइटच्या भोकाची कड पाहा. मध्ये पांढरा भाग आणि दोन्ही बाजूंना कागद दिसला की जिप्सम बोर्ड. कागद नसेल तर पीओपीचं असण्याची शक्यता जास्त. जुनं पीओपी ठिसूळ असतं, कापताना लांबवर तडे जातात. ते मिस्त्रीवर सोडा.

साहित्य : ट्रॅप डोअर, टेप, पेन्सिल, गुण्या, स्पिरिट लेव्हल, चुंबक, जिप्सम कापायची हातकरवत, स्क्रू ड्रायव्हर, २५ मिमीचे ड्रायवॉल स्क्रू, पत्र्याच्या सेक्शनचे किंवा लाकडी पट्टीचे चार तुकडे, टेस्टर, टॉर्च, गॉगल, मास्क, मजबूत घडीची शिडी. आणि सर्वांत महत्त्वाचं, सोबत एक मोठा माणूस.

पायरी १ : वीज बंद. सीलिंगवर वायर असतात. फक्त त्या खोलीचा एमसीबी पुरेसा नाही, कारण दुसऱ्या खोलीची वायरही वरून गेलेली असू शकते. मेन बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि वायरमध्ये वीज राहते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मग टेस्टरने तपासा. टेस्टर खात्रीचा आहे ना, हे वीज चालू असतानाच एकदा बघून ठेवा. काम सकाळी सुरू करा, म्हणजे उजेडाची अडचण येत नाही.

पायरी २ : कापण्याआधी बघा. सीलिंगमध्ये गोल लाइट असेल तर तो खाली काढून त्या भोकातून मोबाइलचा कॅमेरा आणि टॉर्च वर घालून फोटो घ्या. पाईप, वायर, सेक्शन कुठे आहेत ते दिसेल. त्याच वेळी चुंबक सीलिंगवरून हळूहळू फिरवा. स्क्रू असेल तिथे तो चिकटतो. स्क्रूंच्या खुणा एका रेषेत आल्या की तिथे सेक्शन आहे असं समजा. दोन रेषांच्या मधोमध आपली जागा.

जागा निवडताना कॉकच्या अगदी खाली भोक पाडू नका. जॉइंट गळत असेल तर पाणी उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. थोडं बाजूला, पण हात सहज पोहोचेल इतकं जवळ ठेवा. पल्ला उघडल्यावर भिंतीला, दाराला किंवा शॉवरला लागत नाही ना, तेही आत्ताच बघा.

पायरी ३ : आखणी. चौकटीच्या आतल्या भागाचं माप घेऊन पुठ्ठ्याचा नमुना कापा. प्रत्येक मापात ५ मिमी मोकळीक धरा, म्हणजे ३०० च्या जागी ३०५. कंपनीने भोकाचं माप दिलं असेल तर तेच घ्या. नमुना सीलिंगवर धरून रेघा मारा. मग दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले पाहिजेत. ३०५ मिमीच्या चौरसाचा कर्ण सुमारे ४३१ मिमी येतो. कर्णांत फरक असेल तर चौकोन तिरका झाला आहे, पुन्हा आखा.

पायरी ४ : कापणं. गॉगल आणि मास्क लावा. चौकोनाच्या मधोमध एक लांब स्क्रू अर्धा फिरवून ठेवा. शेवटची बाजू कापताना तुकडा खाली पडू नये म्हणून सोबतच्या माणसाने तो स्क्रू धरायचा. हातकरवतीने रेघेवरून उथळ कापत जा. विजेवर चालणारी करवत नको. एक तर वीज बंद आहे, आणि दुसरं म्हणजे हातकरवत वायरला किंवा पाईपला अडली की हाताला कळतं. कापलेला तुकडा फेकू नका, काही पॅनेलच्या पल्ल्यात तोच बसवता येतो.

पायरी ५ : कडांना आधार. ही पायरी टाळली जाते आणि मग पॅनेल लोंबतं. जिप्सम बोर्ड म्हणजे कागदात बांधलेला चुना-खडूसारखा भाग. नुसत्या त्यात स्क्रू फार धरत नाही. म्हणून भोकाच्या चारही कडांच्या वर सेक्शनचे किंवा लाकडी पट्टीचे तुकडे ठेवा आणि खालून बोर्डमधून स्क्रू मारून पक्के करा. तुकडे भोकापेक्षा दोन्ही टोकांना थोडे लांब असावेत. ते जवळच्या मूळ सेक्शनला जोडता आले तर फारच चांगलं.

स्क्रूचं डोकं बोर्डच्या कागदाच्या किंचित आत जावं, पण कागद फाटू नये. कागद फाटला की त्या स्क्रूचा धर गेला. तो काढून दोन बोटं बाजूला दुसरा मारा.

पायरी ६ : चौकट. चौकट भोकात बसवा, चारही स्क्रू आधी सैल लावा. आता लेव्हल बघा आणि पुन्हा एकदा कर्ण मोजा. सगळं बरोबर आलं की समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे घट्ट करत जा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी आवळली तर चौकट ओढली जाते आणि पल्ला घासतो.

पायरी ७ : पल्ला आणि साखळी. पल्ला लावा, साखळी किंवा हूक अडकवा. दहा वेळा उघडझाप करा. पल्ला आणि चौकट यांच्यातली फट चारही बाजूंना सारखी आहे का, ते कागदाची पट्टी फिरवून बघा. एका बाजूला अडकली आणि दुसऱ्या बाजूला सैल पडली तर चौकट अजून तिरकी आहे.

पायरी ८ : शेवटचा हात. चौकटीच्या बाहेरच्या कडेला बारीक फट असेल तर पुट्टीने भरा. बाथरूममध्ये तिथे सिलिकॉन लावा. पण पल्ल्याभोवतीच्या फटीत सिलिकॉन, पुट्टी, रंग काहीही जाता कामा नये. नंतर घराला रंग देताना रंगारी हमखास तिथे ब्रश फिरवतो आणि पल्ला कायमचा चिकटतो. रंगकामाच्या दिवशी पॅनेल उघडं ठेवा किंवा फटीवर टेप लावायला सांगा.

आणि एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगा. सीलिंगवर सामान ठेवायचं नाही, आणि माणसाने वर चढायचं नाही. ट्रॅप डोअर हे हात घालण्यासाठी आहे, माळा नव्हे.

पल्ल्याच्या आतली चिठ्ठी

काम झाल्यावर एक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्यावर लिहा : कुठला कॉक कशाचा, कुठल्या दिशेने फिरवला की बंद होतो, पॅनेल बसवल्याची तारीख. सीलिंग बंद असताना आत काय आहे हे दोन वर्षांनी आपल्यालाही आठवत नाही, मग भाडेकरूला किंवा नव्या प्लंबरला कसं कळणार? सीलिंग बंद होण्याआधीचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर तेही जपून ठेवा.

दर पावसाळ्याआधी एकदा उघडून बघा. ओलीचा डाग, गंज, झुरळं किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर वेळीच दिसते. सहा महिने न हलवलेला कॉकही एकदा फिरवून बघा, नाहीतर गरजेच्या वेळी तो जाम झालेला असतो.

वर्गात याचा उपयोग

शिक्षकांसाठी यात भरपूर काही आहे. अर्थात मुलांच्या हातात करवत द्यायची नाही आणि त्यांना शिडीवर चढवायचं नाही. पण कार्यानुभवाच्या आणि गणिताच्या तासाला हे नक्की करता येईल :

*कर्णाची गंमत :* पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या टाचण्यांनी कोपऱ्यांत जोडा. चारही बाजू समान, पण चौकोन हाताने दाबला की तिरका होतो. आता मुलांना दोन्ही कर्ण दोऱ्याने मोजायला सांगा. चौरस असताना दोन्ही दोरे सारखे, तिरका झाला की एक लांब, एक आखूड. "बाजू सारख्या म्हणजे चौरस" हा मुलांचा समज इथेच मोडतो. मग पाचवी पट्टी कर्णावर जोडा आणि दाबून बघा. आता चौकोन हलत नाही, कारण दोन त्रिकोण तयार झाले.

*क्षेत्रफळ :* एक फूट आणि दोन फूट बाजूंचे चौरस जमिनीवर खडूने काढा. मोठ्यात लहान चौरस किती बसतात? उत्तर दोन असं बऱ्याच मुलांना वाटतं. प्रत्यक्ष ठेवून बघितल्यावर चार निघतात.

*रूपांतर :* शाळेतलं दार, खिडकी, फळा यांची मापं इंचात आणि सेंटिमीटरमध्ये घेऊन तक्ता करायचा. सूत म्हणजे काय ते घरी सुताराला किंवा आजोबांना विचारून यायचं.

*घरचा अभ्यास :* मोठ्या माणसाला सोबत घेऊन आपल्या घरातला पाण्याचा मुख्य कॉक शोधायचा आणि त्याची जागा दाखवणारा नकाशा काढायचा. मुलाने तो बंद करायची गरज नाही. पण पाणी वाहायला लागलं आणि घरात आजी एकटीच असली, तर "कॉक तिथे आहे" एवढं सांगता आलं तरी खूप झालं.

थोडक्यात लक्षात ठेवा

- आत काय जायला हवं यावरून माप ठरवा.
- तयार सीलिंगमध्ये स्वतः बसवायचं तर ३०० मिमी, तेही दोन सेक्शनच्या मध्ये.
- ओल्या जागी एमडीएफ नको.
- डोक्यावर साखळी, मुलांच्या उंचीवर स्क्रू किंवा कुलूप.
- मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद.
- आखल्यावर, बसवल्यावर, दोन्ही वेळा कर्ण मोजा.
- फटीत रंग जाऊ देऊ नका.

ट्रॅप डोअर विकत घ्यायचं तेव्हा घ्या, पण घरातली ती फेरी आणि यादी मात्र याच रविवारी करा. पाण्याचा मुख्य कॉक, गिझरचा कॉक आणि मेन स्विच, या तीन ठिकाणी काही न फोडता हात पोहोचतो का, एवढं बघा. जिथे पोहोचत नाही, तिथलं पॅनेल सर्वांत आधी करायचं.